छिटमहल कसे मिटले? भारत–बांगलादेश सीमाकराराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परराष्ट्र धोरणावर बोलायला उभं राहिलं की समोरच्यांना काश्मीर हवं असतं, चीन हवा असतो, हल्ली युक्रेन आणि गाझा. मी बहुतेक वेळा पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारपासून सुरुवात करतो. लोक जरा हिरमुसतात. पण चालू भांडणात आपण बाजू घेऊन मोकळे होतो, मिटलेलं भांडण मात्र निवांत उलगडून पाहता येतं. आणि हे खरोखर मिटलेलं आहे. व्याख्यानानंतर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत.

छिटमहल म्हणजे नक्की काय?

एका देशाचा तुकडा, चहूबाजूंनी दुसऱ्या देशानं वेढलेला. शब्द बंगाली आहे. २०१५ पर्यंत बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ छिटमहल होते: लालमोनीरहाटमध्ये ५९, पंचगढमध्ये ३६, कुडीग्राममध्ये १२ आणि निलफामारीत ४. उलट बाजूला भारतात, मुख्यतः कूचबिहार जिल्ह्यात, बांगलादेशाचे ५१. काही तुकड्यांच्या पोटात आणखी तुकडे होते. दहाला खागराबाडी नावाचं एक शेत तर भारताचं, ते बांगलादेशी गावाच्या आत, ते गाव भारतीय छिटमहलाच्या आत आणि तो छिटमहल बांगलादेशात. क्षेत्र जेमतेम पावणेदोन एकर. साऱ्या जगात असं दुसरं उदाहरण नव्हतं.

राजे बुद्धिबळात गावं हरले म्हणून हे झालं, हे खरं का?

गोष्ट झकास आहे. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार पटावर बसायचे आणि गावं पणाला लावायचे, असं तिकडं सगळे सांगतात. खरं कारण त्यापेक्षा रूक्ष आहे. मुघल आणि कूचबिहार यांच्यात लढाया झाल्या, १७१३ च्या सुमारास तह झाला, आणि ज्याच्या हातात जी गावं होती ती त्याच्याकडेच राहिली. मुघल मुलखात राजाची काही गावं उरली, राजाच्या मुलखात मुघलांची. तेव्हा त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. महसूल कुणाला भरायचा, एवढाच फरक. आपल्याकडेही पेशवाईत एकाच गावाचा वसूल दोन सरदारांत वाटलेला असे, तसलाच प्रकार.

१९४७ ला फाळणीची, रॅडक्लिफची रेघ पडली. रंगपूर पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, गेलं. कूचबिहार संस्थान १९४९ मध्ये भारतात आलं आणि १९५० च्या १ जानेवारीला पश्चिम बंगालचा जिल्हा झालं. जुन्या महसुली खातेवहीतल्या नोंदी एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या.

तिथं राहणाऱ्यांना प्रत्यक्षात काय त्रास होता?

१९५२ मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला आणि पेच पूर्ण झाला. छिटमहलातल्या माणसाला आपल्याच देशात जायचं तर मधे परदेश. परदेश ओलांडायला व्हिसा हवा. व्हिसाची कचेरी दूर शहरात, आणि तिथं जायला घराबाहेर पाऊल टाकलं की तीच घुसखोरी. म्हणजे कायद्यानं जगायची इच्छा असली तरी तशी सोय नव्हती.

शाळा नाही, दवाखाना नाही, पोलीस नाहीत. विजेच्या तारा डोक्यावरून जायच्या, पण घरात दिवा नाही, कारण तारा एका देशाच्या आणि घर दुसऱ्या देशाचं. चोरी झाली तर फिर्याद कुठं द्यायची? आजूबाजूचे पोलीस म्हणणार हद्द आमची नाही. ज्यांची हद्द त्यांना यायचं तर परदेशाची परवानगी लागणार. गुन्हेगारांना लपायला याहून चांगली जागा नव्हती.

मला सगळ्यात जास्त खुपते ती नावांची गोष्ट. मुलाला शेजारच्या गावातल्या शाळेत घालायचं तर बापाचं नाव त्या गावातल्या कुणाचं तरी लावायचं. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जायचं तर नवरा म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव सांगायचं, कारण खऱ्या नवऱ्याकडे दाखवायला ओळखपत्रच नाही. अशी कागदोपत्री उसनी नाती पुढं आयुष्यभर चिकटून राहत. मोफत मिळत असतील असंही समजू नका.

नेहरूंच्या काळातच हा प्रश्न का सुटला नाही?

प्रयत्न झाला होता. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्यात ठरलं की छिटमहलांची अदलाबदल करायची आणि जलपायगुडीतलं बेरुबाडी हे वादाचं गाव अर्धं-अर्धं वाटायचं. बंगालमध्ये गदारोळ उठला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. मार्च १९६० मध्ये न्यायालय म्हणालं की देशाची भूमी दुसऱ्याला द्यायची तर साधा कायदा पुरणार नाही, घटनादुरुस्तीच लागेल.

त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झालीसुद्धा. पण दावे, विरोध, मग १९६५ चं युद्ध आणि १९७१. बेरुबाडी शेवटी भारतातच राहिलं.

न्यायालयाचं हे मत ध्यानात ठेवा. पुढची सगळी दिरंगाई तिथून निघते. भारताचा पंतप्रधान परदेशात जाऊन सही करू शकतो, पण जमिनीचा प्रश्न असेल तर त्या सहीवर संसदेत दोन तृतीयांश मतं उभी करावी लागतात.

इंदिरा गांधी आणि बांगलादेशाचे पंतप्रधान शेख मुजीब यांनी १९७४ मध्ये करार केला. मग २०१५ का उजाडलं?

हा खरा प्रश्न. १६ मे १९७४ ला दिल्लीत करार झाला. बांगलादेशानं त्याच वर्षी आपली घटना दुरुस्त करून तो मंजूर केला. आपण केला नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये मुजीबांची हत्या झाली, ढाक्यात लष्कर आलं, इकडं आणीबाणी. जमिनीची मोजणी, खांब, नकाशे ही कामं मुंगीच्या पावलानं चालत राहिली आणि मंजुरी राहून गेली. ढाक्यातल्या प्रत्येक सरकारकडे मग एक हुकमी वाक्य तयार असे: आम्ही शब्द पाळला, दिल्लीनं नाही. ते वाक्य खरंही होतं.

६ सप्टेंबर २०११ ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना यांच्या उपस्थितीत ढाक्यात पूरक मसुद्यावर सह्या झाल्या. त्याआधी त्याच जुलैमध्ये दोन्ही देशांनी मिळून छिटमहलांत शिरगणती केली होती. भारतीय छिटमहलांत ३७,३३४ माणसं, बांगलादेशी छिटमहलांत १४,२१५. माझ्या मते सगळं प्रकरण तिथं फिरलं. तोवर भांडण एकरांचं होतं. त्यानंतर ५१,५४९ माणसांचं झालं. एकरांवर भाषण ठोकायला सोपं असतं, पण नाव-वय लिहून घेतलेल्या माणसाला ‘तू असाच राहा’ म्हणणं जड जातं.

डिसेंबर २०१३ मध्ये घटनादुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत आलं. तृणमूलचा विरोध, आसाम गण परिषदेचा विरोध, भाजपचाही विरोध. २०१४ मध्ये सरकार बदललं, आणि ज्या पक्षानं विरोध केला होता त्यालाच करार पटला. यावर हसणारे हसतात. मी हसत नाही. खुर्चीत बसल्यावर फाईल वाचून मत बदललं तर त्यात वाईट काय? शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं विधेयकाला पाठिंबा दिला. पुनर्वसनाचा खर्च केंद्र उचलेल, असं ठरल्यावर ममता बॅनर्जी राजी झाल्या. तेव्हा बोलला गेलेला आकडा सुमारे ३,००० कोटींचा होता. शेवटच्या टप्प्यात आसामचा भाग वगळून विधेयक आणायचा घाट घातला गेला होता, तो सोडून दिला गेला. मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांत मतदान झालं. लोकसभेत ३३१ विरुद्ध शून्य.

म्हणजे बघा, दिल्ली आणि ढाका यांच्यात ही गाठ १९७४ लाच सुटली होती. पुढची ४१ वर्षं गेली ती दिल्ली, कोलकाता आणि गुवाहाटी यांच्यात.

परीक्षेसाठी काय लक्षात ठेवायचं?

विधेयक ११९ वं, दुरुस्ती १०० वी. इथं हमखास घोळ होतो. राज्यसभा ६ मे, लोकसभा ७ मे, ढाक्यात मंजुरीपत्रांची देवाणघेवाण ६ जून, प्रत्यक्ष अदलाबदल ३१ जुलै आणि १ ऑगस्टमधली मध्यरात्र, सगळं २०१५.

आपण १७ हजार एकर दिली आणि ७ हजार घेतली. हा तोटाच नाही का?

आकडे बरोबर आहेत. भारतानं १७,१६० एकर सोडली, ७,११० एकर मिळाली. फरक सुमारे १०,०५० एकरांचा, म्हणजे चाळीसेक चौरस किलोमीटर. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या निम्म्याहूनही कमी.

पण ‘दिली’ या शब्दाकडे जरा बघा. जी जमीन आपण दिली तिथं १९४७ पासून भारताचा तलाठी गेला नाही, पोलीस गेला नाही, मतपेटी गेली नाही. आपण तिथला एक रुपया महसूल घेतला नाही. सातबारा आपला होता, इतकंच. ज्या ७,११० एकर आल्या त्यांतही दुसऱ्या देशाचा अंमल कधी चाललाच नव्हता. कागद वास्तवाला जुळवून घेतला, असं मी म्हणेन. गावाकडे दोन भाऊ चाळीस वर्षं कोर्टात भांडतात आणि शेवटी ज्याची वहिवाट त्याच्याच नावावर खातं करून घेतात, तसं.

आणि बदल्यात काय आलं, ते एकरात मोजता येत नाही. ४,०९६ किलोमीटरची ही आपली सगळ्यांत लांब भूसीमा. एखादा तुकडा सोडला तर ती एकदाची नकाशावर नक्की झाली. जिची रेघच ठरलेली नाही त्या सीमेवर गस्त घालणाऱ्या जवानाला विचारा नक्की सीमेची किंमत.

एकरी हिशेब मांडून विरोध करणाऱ्यांची हेटाळणी मात्र करू नये. जमीन सोडणं ही गोष्ट कुठल्याही लोकशाहीत अवघडच असायला हवी. तसं नसतं तर उद्या कुणीही सही करून येईल.

छिटमहलांशिवाय करारात आणखी काय होतं?

‘सातबारा एकाचा, ताबा दुसऱ्याचा’ अशा सीमेलगतच्या जमिनी. त्यांत ज्याचा ताबा त्याची मालकी असा सोपा नियम लावला. भारताकडे २,७७७ एकर आल्या, बांगलादेशाकडे २,२६७ गेल्या. शिवाय सुमारे ६ किलोमीटरची न आखलेली हद्द तीन ठिकाणी होती. त्यात त्रिपुरातल्या मुहुरी नदीच्या चराचं (नदीच्या गाळानं तयार झालेल्या जमिनीचं) त्रांगडं करारानंतरही रेंगाळलं, कारण नदी पात्र बदलते आणि नकाशा बदलत नाही.

लोकांना विचारलं होतं का?

हो, आणि या कराराचं मला सर्वांत आवडणारं कलम तेच आहे. जमीन देश बदलणार होती, माणसांवर सक्ती नव्हती. आहात तिथं राहा आणि त्या देशाचे नागरिक व्हा, किंवा आपलं जुनं नागरिकत्व धरून पलीकडे या. भारतातल्या बांगलादेशी छिटमहलांतून एकही माणूस बांगलादेशात गेला नाही. बांगलादेशातल्या भारतीय छिटमहलांतल्या ३७ हजारांपैकी हजाराच्या आतल्या लोकांनी भारत निवडला. फाळणीच्या वेळी याच पट्ट्यात माणसं कशी हलवली गेली ते आठवलं की या ‘विचारण्या’चं मोल कळतं.

त्या मध्यरात्री छिटमहलांत ६८ मेणबत्त्या लावल्या गेल्या. १९४७ पासून वर्षाला एक.

मध्यस्थ कोण होता? संयुक्त राष्ट्रं?

कुणीही नाही. दोघंच बसले. पण शेजाऱ्यांत दर वेळी असं जमतंच असं नाही, आणि तिसरा माणूस बोलावण्यात कमीपणा नसतो. कच्छच्या रणाचं घ्या. १९६५ च्या एप्रिलमध्ये चकमकी झाल्या, ब्रिटनच्या मध्यस्थीनं जूनअखेर शस्त्रसंधी झाली आणि वाद तीन जणांच्या लवादाकडे गेला. एक पंच भारतानं सुचवलेला युगोस्लाव्हियाचा, एक पाकिस्ताननं सुचवलेला इराणचा, अध्यक्ष स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन. फेब्रुवारी १९६८ मध्ये निवाडा आला. वादातल्या रणाचा सुमारे नव्वद टक्के भाग भारताला, दहा टक्के पाकिस्तानला. आपल्या संसदेत आरडाओरडा झाला, पण सरकारनं निवाडा पाळला.

पुढं सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये एक बारीक भेद केला. नि:संशय आपली असलेली जमीन देणं वेगळं, तिथं घटनादुरुस्ती लागते. मुळातच अनिश्चित असलेली सीमा ठरवून घेणं वेगळं, तिथं ती लागत नाही. वाटाघाटीला बसणाऱ्या अधिकाऱ्याला हा भेद पाठ असावा लागतो, कारण मसुद्यातला एक शब्द बदलला की संसदेतलं गणित बदलतं.

आणि समुद्राचं काय?

तिथं लवाद लागला. बंगालच्या उपसागरातली हद्द ठरेना म्हणून बांगलादेशानं २००९ मध्ये समुद्री कायद्याखाली लवाद मागितला. ७ जुलै २०१४ ला निकाल लागला: वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश. भारतानं नियुक्त केलेले पंच श्रीनिवास राव यांनी काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवला. दिल्लीनं निकाल मान्य केला.

गंमत न्यू मूर बेटाची. बांगलादेशात त्याला दक्षिण तालपट्टी म्हणत. १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेला हा चिखलाचा उंचवटा. १९८१ मध्ये आपल्या नौदलानं तिथं तिरंगाही लावला होता. तीस वर्षं वाद चालला आणि मग बेटच पाण्याखाली गेलं. ती जागा निकालात भारताकडे आली, पण उभं राहायला तिथं काही उरलेलं नव्हतं.

आपल्याकडे, महाराष्ट्र-गोव्याच्या बाजूला असं काही होतं का?

होतं की. दादरा आणि नगर हवेली. पोर्तुगिजांचे हे मुलूख भारतीय हद्दीनं वेढलेले. दमणहून तिथं जायचं तर भारतातूनच. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. त्यात मराठी तरुण मोठ्या संख्येनं होते, संगीतकार सुधीर फडके त्यांच्यापैकी एक. पोर्तुगालनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला की आम्हाला आमच्या मुलखात जाऊ दिलं जात नाही. एप्रिल १९६० चा निकाल मजेशीर आहे: साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता, आणि भारतानं केलं त्यात बेकायदा काही नव्हतं. म्हणजे पोर्तुगालला तत्त्व मिळालं आणि मुलूख मिळाला नाही.

बेळगावला हा तोडगा लागू होईल का?

दर वेळी कुणीतरी विचारतंच. तो दोन राज्यांतला वाद, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेला. परराष्ट्र धोरणाच्या पानावर त्याचं उत्तर मिळणार नाही. फक्त एवढं म्हणतो: गाव हा घटक धरा आणि लोकांची इच्छा विचारा, ही महाराष्ट्राची जुनी मागणी आहे, आणि कूचबिहारमध्ये यातली दुसरी गोष्ट करून दाखवली गेली.

इतकं जमलं, तर तिस्तेचं पाणी का अडलं?

कारण जमिनीचा प्रश्न एकदा मिटला की मिटतो, पाण्याचा दर उन्हाळ्यात नव्यानं उभा राहतो. २०११ च्या त्याच ढाका भेटीत तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करारही व्हायचा होता. ममता बॅनर्जींनी ऐनवेळी दौऱ्यातून अंग काढून घेतलं आणि करार राहिला. उत्तर बंगालच्या शेतकऱ्याचं पाणी कमी होणार असेल तर कोलकात्याचा होकार सहज कसा येईल? छिटमहलात केंद्रानं पैसा देऊन राज्याची अडचण दूर केली. पाण्याला पैशाची भरपाई पुरत नाही. गंगेचा करार १२ डिसेंबर १९९६ ला तीस वर्षांसाठी झाला. त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते.

हेच सूत्र काश्मीरला किंवा चीनला लावता येईल?

नाही. छिटमहल दोघांनाही नको होते. जे दोघांनाही हवं आहे त्याची अदलाबदल होत नाही.

हसीना सरकार पडल्यावर करार धोक्यात आला का?

ऑगस्ट २०२४ नंतर संबंध ताणले गेले, सीमेवरच्या कुंपणावरून खटके उडाले. पण १६२ छिटमहलांची अदलाबदल जिथल्या तिथं आहे.

ज्यांनी भारत निवडला त्यांचं पुढं काय झालं?

दिनहाटा, मेखलीगंज आणि हल्दीबाडी इथल्या पत्र्याच्या तात्पुरत्या छावण्यांत ते आले. ‘तात्पुरत्या’ हा शब्द सरकारी अर्थानं घ्यायचा. पत्र्याखाली काही उन्हाळे गेल्यावर सदनिका मिळाल्या. मागं राहिलेली जमीन विकून पैसा आणता येईना, ही तक्रार बऱ्याच जणांची राहिली. आयुष्यभर शेती केलेल्या माणसानं सदनिकेत बसून करायचं काय, याचं उत्तर करारात नव्हतं. जागेवरच राहून भारतीय झालेल्यांचं तुलनेनं बरं चाललं. २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा मत दिलं, काहींनी वयाच्या सत्तरीत.

आता एकही छिटमहल उरला नाही?

एक उरला आहे, अदलाबदलीच्या १६२ मध्ये न धरलेला. दहाग्राम-आंगोरपोता, बांगलादेशाचा. १९७४ मध्येच ठरलं होतं की दक्षिण बेरुबाडी भारताकडे राहील, हा तुकडा बांगलादेशाकडे, आणि तिथं जायला भारत आपल्या जमिनीतून वाट भाड्यानं देईल. ती वाट म्हणजे तीन बिघा: १७८ मीटर लांब, ८५ मीटर रुंद. ती द्यायला आपण १८ वर्षं लावली. मेखलीगंजमध्ये विरोधात आंदोलनं झाली. जून १९९२ मध्ये उघडली तेव्हा दिवसा एक तास चालू, एक तास बंद. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर सकाळची वाट पाहायची. २०११ मध्ये ती चोवीस तास झाली.

तिथं दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एकावरून भारताची वाहनं जातात, दुसऱ्यावरून बांगलादेशाच्या सायकली आणि रिक्षा. चौकात सीमा सुरक्षा दलाचा जवान उभा असतो आणि हात दाखवून आळीपाळीनं दोन देशांना सोडतो.